देव रागीट की दयाळू? काही गैरसमज आणि शास्त्रातलं चित्र

जुन्या करारातला देव कडक, नव्या करारातला प्रेमळ, असं ख्रिस्ती नसलेली माणसं म्हणतात आणि मंडळीत जन्मलेली, लहानपणापासून शब्बाथशाळेत बसलेली माणसंही म्हणतात. हा विचार फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक रोमच्या मंडळीत हेच शिकवत होता. त्याच्या मते हे देवच दोन होते. एक न्याय करणारा, खालच्या दर्जाचा. दुसरा येशूचा पिता. म्हणून त्याने जुना करार टाकून दिला आणि चार शुभवर्तमानांपैकी एकटं लूक ठेवलं, तेही काटछाट करून. इ.स. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. येशू ज्याला बाप म्हणतो तो अब्राहामाचा आणि मोशेचाच देव आहे, ही गोष्ट मंडळीला सोडता येण्यासारखी नव्हती.

निर्गमच्या ३४व्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख करून देतो. ती वेळ लक्षात घ्यायला हवी. लोकांनी नुकतंच सोन्याचं वासरू करून पूजलं आहे, मोशेने संतापून दगडी पाट्या फोडल्या आहेत. आता देव काय बोलेल? तो आधी दयेचं बोलतो, कृपेचं बोलतो, आपला राग सावकाश येतो असं सांगतो, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या निष्ठेचं सांगतो. दोषी माणसाला सहज सोडत नाही हेही सांगतो, पण त्यानंतर. या ओळखीचे पडसाद स्तोत्रांत, योएलात, नहेम्यात पुन्हा पुन्हा उमटतात.

आणि योनात तर ती तक्रार म्हणून येते! योनाची गोष्ट आपण मुलांना माशासाठी सांगतो. खरा पेच माशानंतर आहे. निनवे ही अश्शूरची नगरी, म्हणजे इस्राएलला चिरडणाऱ्या साम्राज्याची. योना तिथे जाऊन नाशाचा इशारा देतो, नगरी पश्चात्ताप करते, देव नाश टाळतो. योनाला हे सहन होत नाही. तो चिडून म्हणतो की तू असाच आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो. देवाच्या दयाळूपणावर माणूस रागावला आहे! मग देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगववतो, दुसऱ्या दिवशी किडा ती कुरतडतो, आणि योनाला वेलीची हळहळ वाटते. तुला एका रात्रीत आलेल्या वेलीचं एवढं वाटतं, मग मला या नगरातल्या एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांचं आणि गुराढोरांचं वाटू नये का, अशा अर्थाच्या प्रश्नावर पुस्तक संपतं. उत्तर नाही. जुन्या करारातल्या देवाला निर्दयी ठरवणाऱ्यांनी ही चार प्रकरणं एकदा सलग वाचावीत.

मग तो राग कुठला? आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ इ.स.पू. आठव्या शतकात बोलला. गरिबाला जोडाभर वहाणांसाठी विकणाऱ्यांवर, मापात खोट करणाऱ्यांवर, आणि हे सगळं करून देवासमोर मोठे सण साजरे करणाऱ्यांवर त्याने देवाचा राग सांगितला. ज्याला विकलं त्याच्या जागी उभं राहून पाहा. त्याला न रागावणारा देव हवा असेल का? माझ्या मते देवाचं प्रेम आणि देवाचा राग एकमेकांविरुद्ध उभे करणं हीच मूळ चूक आहे. यहोशवाच्या पुस्तकातल्या लढायांची पानं आजही वाचताना घशात अडकतात, त्यांना झटपट उत्तर देऊन मोकळं होऊ नये. पण त्या पानांमुळे होशेयाचा ११वा अध्याय पुसला जात नाही. तिथे देव लेकराला हात धरून चालायला शिकवणारा बाप आहे, आणि ते लेकरू पाठ फिरवून गेलं तरी त्याला टाकून देताना त्याचं काळीज हलतं.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. येशूने देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून सांगितलेल्या दोन आज्ञा त्याने नव्याने घडवलेल्या नाहीत; एक अनुवादाच्या पुस्तकातली, एक लेवीयाच्या. आणि न्यायाच्या दिवसाविषयी सगळ्यात धारदार बोलणाऱ्यांतही तो स्वतःच आहे. मत्तयाचा २५वा अध्याय वाचा. भुकेल्याला अन्न दिलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का, हीच विचारपूस.

दुःख आलं म्हणजे पाप घडलं असणार?

हा गैरसमज सगळ्यात जास्त जखमा करतो. घरात तरणंताठं माणूस गेलेलं असतं आणि मातीहून परतलेली मंडळी ओसरीवर कुजबुजत असतात की काहीतरी घडलं असेल, विश्वास कमी पडला असेल, प्रार्थनेत खंड पडला असेल. आत बसलेल्या आईच्या कानावर ते जातंच.

येशूने हा हिशेब दोनदा स्पष्टपणे फेटाळला. योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप याचं की आईबापांचं? तो सांगतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा विषय येतो. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नव्हती, असं तो म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या जगण्याकडे वळायला सांगतो. मेलेल्यांची चौकशी करायची नाही, आपली करायची.

ईयोबाचं पुस्तक तर याच प्रश्नावर उभं आहे. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर पानंच्या पानं एकच सांगत राहतात: तू काही केलं असशील, म्हणूनच हे. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना देव म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत; देवाशी भांडणारा ईयोब बोलला ते खरं. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने जाण्याआधी हा ४२वा अध्याय वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे विश्वास असेल तर आजार, कर्ज, अपयश येणार नाही ही शिकवण. आधी दान पेरा, मग शंभरपट घ्या, असं सांगणाऱ्या सभा गावोगाव भरतात, आणि हातावर पोट असलेली बाई घरातल्या औषधाचे पैसे पेटीत टाकून येते. पौलाचं आयुष्य या शिकवणीत कुठे बसवायचं? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो स्वतःचा हिशेब देतो: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा तारू फुटलं, भूक, तहान, थंडी. शरीरातल्या एका काट्यासाठी त्याने तीनदा प्रार्थना केली आणि काटा गेला नाही. त्याला कृपा मिळाली, आणि ती पुरेशी आहे हे तो लिहून गेला. दानियेलाच्या पुस्तकातले तिघे तरुण भट्टीसमोर राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला वाकणार नाही. त्या ‘नाही सोडवलं तरी’मध्ये जो विश्वास आहे तो कुठल्याही सौद्यात मिळत नाही.

शंका म्हणजे अविश्वास?

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मंडळीत गप्प बसवलं जातं, आणि पुढे ते मूल मंडळीतच दिसेनासं होतं. स्तोत्रसंहितेत मात्र १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस, असं थेट विचारणारी. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याला आशेचा शेवट जोडलेला नाही, तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानेही तुरुंगातून माणसं पाठवून येशूला विचारलं की येणारा तो तूच का. येशूने त्याला खडसावलं नाही. आपण काय ऐकता-पाहता ते जाऊन सांगा म्हणाला, आणि लोकांसमोर योहानाची थोरवी सांगितली.

मराठीत याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेली. वडील अनंतशास्त्री, आई आणि मुलं तीर्थक्षेत्रं पायी फिरत, पुराणं सांगत जगलेली. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना देवाचं रूप पटलं ते वादविवादातून नव्हे. लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी सिस्टरांनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. या बायकांना कोणी आपलं म्हणावं हे त्यांना नवं होतं. मग योहानाच्या ४थ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आणि येशू यांची भेट त्यांनी वाचली. विहिरीवर भर दुपारी आलेल्या, पाच नवरे झालेल्या बाईशी तो बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, आणि स्वतःविषयीची मोठी गोष्ट तिला सांगतो.

पण बाप्तिस्म्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून नेटाने वाद घालत राहिल्या. सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. तोवर त्यांचं विधवांसाठीचं ‘शारदा सदन’ उभं राहिलेलं होतं. १८९६–९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं त्यांचं ‘मुक्ती मिशन’ त्यातून वाढलं. जिचे स्वतःचे आईबाप दुष्काळाने नेले तिने दुष्काळातल्या मुली उचलून आणल्या. इतकी वर्षं प्रश्न विचारत राहिलेल्या बाईचा हा विश्वास आहे.

चांगलं वागून देवाला राजी करायचं असतं?

यावर थोडक्यात. कृपा आधी की कृत्यं, या प्रश्नावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडचं चर्च फुटलं. लुथरने गलतीकर आणि रोमकरांस पत्रांवर बोट ठेवलं, दुसऱ्या बाजूने याकोबाचं पत्र पुढे आलं. ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपलं तारण देवाच्या कृपेने होतं, आपल्या पुण्याईने नाही, आणि त्या कृपेतून सत्कृत्यं उगवतात, यावर दोघांचं एकमत आहे. वसईचे कॅथलिक आणि नगरचे प्रॉटेस्टंट एकमेकांना अजूनही जे टोमणे मारतात, त्यातल्या बऱ्याच टोमण्यांचा आधार त्या दिवशी गेला. पुण्याचा साठा करायचा नसतो. लेकरू म्हणून आधीच स्वीकारलेलं असतं, वागणं त्यानंतरचं.

विश्वास एका क्षणात पुरा होतो?

साक्षी ऐकताना असं वाटतं खरं. अमुक तारखेला प्रभू भेटला आणि सगळं बदललं. काहींचं तसं होतही असेल. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळक वाचत वाचत मत्तयाच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. ती तीन प्रकरणं त्यांना सोडवेनात. तरी बाप्तिस्मा घेतला तो फेब्रुवारी १८९५मध्ये.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट याहून संथ, आणि मला जास्त जवळची. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं ताटातूट, मग एकत्र राहणं, पण आपलं सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. कोणी त्यांना ओढलं नाही, टिळकांनीही नाही. जातपात देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि उत्तर मिळाल्यावर सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास भाजी-भाकरीच्या तपशिलांसह आहे. देवाचा स्वभाव कळत गेला तसा त्यांच्या चुलीचा नियम बदलला.

म्हणून वाढायचं कसं, असं कोणी विचारलं तर मी अभिवचनांची सुटी वचनं भिंतीवर लावण्याआधी एक पुस्तक सलग वाचायला सांगते. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, एका संध्याकाळी होतं. ते एकट्याने वाचून झालं की घरातल्यांबरोबर किंवा शेजारच्या दोन-तीन जणांबरोबर पुन्हा वाचावं, आणि प्रत्येक अध्यायाला एवढंच विचारावं की इथे येशू कोणाशी कसा वागला. कुष्ठरोग्याला त्याने हात लावला. बारा वर्षं रक्तस्राव असलेल्या बाईला गर्दीत थांबून मुलगी म्हटलं. शब्बाथाच्या नियमावर बोट ठेवणाऱ्यांकडे रागाने पाहिलं, आणि त्याच वेळी त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःखही झालं. राग आणि दुःख एकाच वाक्यात आहेत, तिसऱ्या अध्यायात. तिथे थांबून बोलावं, ज्याला शंका असेल त्याला आधी बोलू द्यावं, आणि मग पुढचा अध्याय उघडावा.