निकेल-लोह मिश्रधातू, मृदु-चुंबकीय
सुमारे ३५ ते ८० टक्के निकेल असलेल्या, क्षीण क्षेत्रातही सहज चुंबकित होणाऱ्या मिश्रधातू. ७८·५ टक्के निकेलाची पर्मलॉय प्रसिद्ध आहे. घडणीनंतर कोरड्या हायड्रोजनात सुमारे १,१००°–१,२००° से. तापमानास अनुशीतन केल्याने अशुद्धी व अंतर्गत प्रतिबले घटून पार्यता वाढते. पर्मलॉय सुमारे ६००° से.च्या खाली सावकाश थंड झाल्यास अणूंची क्रमबद्ध रचना होऊन पार्यता घटते. म्हणून तेथून ती जलद थंड करतात. मॉलिब्डेनम मिसळल्यास ही रचना मंदावते. संस्कारित गाभा वाकल्यास वा आदळल्यास त्याचे गुण बिघडतात व पुन्हा अनुशीतन करावे लागते. किल्लारी भूकंपानंतर (१९९३) लातूर परिसरातील भूकवचाची विद्युत् संवाहकता मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीने अभ्यासली गेली. या पद्धतीत अतिक्षीण क्षेत्रबदल टिपणाऱ्या वेटोळ्यांना उच्च पार्यतेचे गाभे लागतात.