छायालेखकाची पाटी आणि संकलकाची कात्री

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. प्रसंग एक, भाषा दोन. अशा चित्रणाचे सुटे तुकडे संकलकापुढे आले असता केवळ ओठांच्या हालचालीवरून त्यांची भाषा ताडणे किती कष्टाचे, हे सहज ध्यानी येईल. बोलपटाच्या चित्रणात पाटीला जे महत्त्व आहे, ते यामुळेच. तिच्यावरील दृश्याचा, तुकड्याचा व प्रयत्नाचा क्रमांक ही त्या तुकड्याची ओळख होय; आणि तिची फळी आपटल्याचा क्षण चित्रात दिसतो व ध्वनीत ऐकू येतो, म्हणून दोहोंचा मेळ बसतो. पाटी आरंभी राहिली तर ती शेवटी उलटी धरावी, असा संकेत आहे. मात्र पाटी चौकटीबाहेर वा अस्पष्ट टिपली गेली, तर हा सारा खटाटोप व्यर्थ.

याहून सूक्ष्म प्रश्न दिशेचा. समजा, हातकणंगले स्थानकावर कोल्हापूरकडे निघालेली गाडी रुळांच्या एका बाजूने टिपली आणि पुढचा तुकडा रुळ ओलांडून पलीकडून घेतला. प्रत्यक्षात गाडी कोल्हापूरकडेच जात असते. पडद्यावर मात्र ती मिरजेकडे परतताना दिसते. संकलकाने चित्राची डावी-उजवी बाजू पालटली, तर फलाटावरील गावाच्या नावाची अक्षरे उलटी होतात! जाणता छायालेखक अशा वेळी गाडी थेट समोरून येतानाचा एक तुकडा घेऊन ठेवतो. तो मध्ये घातला की दिशाबदल प्रेक्षकास खटकत नाही. हा तुकडा संकलनाच्या खोलीत निर्माण करता येत नाही.

कृती सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतरही काही क्षण कॅमेरा चालू ठेवावा, ही सवयही अशीच मोलाची. पात्र दाराबाहेर पडताक्षणी चित्रण थांबविले, तर कात्री लावण्यास जागाच उरत नाही. फिल्मच्या काळी हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे पुरे, त्यामुळे हात आखडे. आजच्या अंकीय कॅमेऱ्याने तो धाक घालविला, आणि दोष उलट दिशेने आला: ‘कट’नंतरही कॅमेरा चालूच राहतो, अनेक प्रयत्न एकाच लांबलचक तुकड्यात मिसळतात, आणि दिग्दर्शकास पसंत पडलेला प्रयत्न शोधण्यातच संकलकाचा निम्मा दिवस जातो.