दर महिन्याला बदलणारं अंग

बाळ जन्माला येतं तेव्हा त्याचं हृदय धडधडत असतं, मूत्रपिंडं कामाला लागलेली असतात. स्तन मात्र अर्धवटच असतो, त्यात असतात थोड्याशा नळ्या. मुलगी वयात आली की त्या नळ्यांना फांद्या फुटतात, आणि काम पुरं होतं ते पहिल्या गरोदरपणात. मूल अंगावरून सुटलं की दूध बनवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरून जातात. पुढच्या खेपेला सगळं पुन्हा नव्याने! १८४० साली लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर या शल्यचिकित्सकाने दूधनळ्यांत रंगीत मेण भरून आतलं हे जाळं उघड करून दाखवलं.

याच उलथापालथीची छोटी आवृत्ती दर महिन्याला घडते. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, पेशी विभागू लागतात, आत पाणी साठतं. छाती जड होते, ठणकते, ब्रा घट्ट वाटते. काखेकडच्या वरच्या भागात ग्रंथी जास्त, म्हणून तिथे हाताला चवळीचे दाणे भरलेल्या पुरचुंडीसारखं लागतं. पाळी आली की हार्मोन्स उतरतात, वाढलेल्या काही पेशी मरतात, सूज ओसरते. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास हात लावून पाहणं उत्तम. पाळीच्या आदल्या आठवड्यात पाहिलं तर उगीच जीव घाबरा होतो.

एक बाजू दुसरीपेक्षा किंचित मोठी, हे अगदी नेहमीचं. स्तनाग्राभोवतीच्या बारीक पुटकुळ्या तर मला फार विलक्षण वाटतात. त्या तेलग्रंथी आहेत, आणि नुकतंच जन्मलेलं बाळ त्यांच्या स्रावाच्या वासाने तोंड हलवू लागतं. पाळी जाताना ग्रंथींची जागा चरबी घेते, छाती मऊ पडते. पाळी गेल्यावर मात्र नवी गाठ लागली तर तिचा दोष हार्मोन्सच्या माथी मारू नये, दाखवावी.

कुठल्याही वयात दाखवावं असं आणखीही आहे: पाळीनंतरही न विरघळणारी कडक गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, नव्याने आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, एकाच बाजूने आपोआप येणारा रक्ताळ स्राव, काखेतली गाठ. दुखत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या बायका पाहिल्या की जीव तुटतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

अशा गाठी वेळेत शोधता येतात का, हे पाहायला टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक प्रचंड अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या हातांनी छाती तपासली. मॅमोग्राफी नव्हती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले कर्करोग ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही.

शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांच्या अभ्यासात मात्र, स्वतःची तपासणी करायला शिकवून मृत्यू घटले नव्हते. त्यामुळे डॉक्टर आता ठरावीक विधीवर भर देत नाहीत. आपली छाती एरवी कशी असते ते ठाऊक असावं, वेगळं वाटलं की लगेच दाखवावं, आणि वयानुसार तपासणी सोडू नये, असं ते सांगतात.

दाखवल्यावर डॉक्टर आधी हाताने पाहतात. तरुण वयात ग्रंथी दाट असल्याने बहुधा सोनोग्राफी, पुढे मॅमोग्राफी, आणि शंका उरलीच तर सुईने तुकडा घेतात. दाखवायला आलेल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. विशीत सापडणारी, बोटाखालून सुळकन निसटणारी गोल गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघते, आणि तिला अनेकदा औषधही लागत नाही.