होडीच्या अंगावरचे फोड

लाकडाची होडी म्हातारी झाली की ते लपत नाही. फळ्या सुटतात, कीड लागते, फटींतून पाणी येते आणि पुन्हा पुन्हा कलाफत करावी लागते. फायबरग्लासची होडी मात्र न कुजणारी आणि न गंजणारी म्हणून ओळखली जाते. हा समज अर्धाच खरा आहे. म्हातारपण तिलाही येते, पण ते कातडीखाली येते. ते कसे ओळखावे आणि त्यावर उपाय काय, एवढेच येथे सांगायचे आहे.

आम्ही बेळगावची माणसे घाटावरची. होडीशी आमचा संबंध सहलीपुरता. पण माझे मामा गोव्यात मांडवीच्या काठी होड्या दुरुस्त करतात आणि गेल्या दोन सुट्ट्या मी त्यांच्या हाताखाली काम केले. रसायनशास्त्राच्या वर्गात गुणांपुरते पाठ केलेले परासरण तिथे होडीच्या तळावर प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

या होड्यांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची एक लहान शिडाची होडी बनवली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘ट्रायटन’ ही २८ फुटी होडी आली आणि त्यानंतर कारखान्यांतून अशा होड्या झपाट्याने बाहेर पडू लागल्या. रचना सोपी असते. साच्याला आतून प्रथम रंगीत जेलकोट लावतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावर काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवतात. ताकद या थरांची. जेलकोट ही नुसती कातडी.

आता परासरण. मनुका पाण्यात टाकली की फुगते, कारण सालीतून पाणी आत शिरते पण आतली साखर तितक्या सहज बाहेर येत नाही. होडीचेही तसेच होते. जेलकोट दिसायला काचेसारखा असला तरी वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यावर त्यातून पाण्याचे कण झिरपतात. आत कुठे अर्धवट मुरलेले रेझिन किंवा पाण्यात विरघळणारा अंश राहिला असेल, तर तो विरघळून दाट द्राव तयार होतो. तो आणखी पाणी ओढतो, दाब वाढतो आणि जेलकोट फुगून फोड येतो. काही फोड मोहरीएवढे असतात, काही रुपयाएवढे. म्हणूनच वापर झाल्यावर जमिनीवर ओढून ठेवल्या जाणाऱ्या होड्यांना हा आजार क्वचित होतो. बाराही महिने पाण्यात नांगरलेल्यांना अधिक.

मागच्या सुट्टीत आमच्याकडे अशीच एक १८ फुटी जुनी होडी आली. किनाऱ्यावरच्या काही तरुणांनी गावातल्या मुलांना शीड हाकायला शिकवण्यासाठी वर्गणी काढून ती घ्यायचे ठरवले होते. तळाला नवा कोरा रंग होता. मामा म्हणाले, “नव्या रंगाचे दोनच अर्थ. एक तर निगा राखली आहे, नाही तर काहीतरी झाकले आहे.” पैसे देण्याआधी तपासणी करायचे ठरले.

पहिला नियम असा की, होडी पाण्याबाहेर काढल्याबरोबर तळ पाहावा. सुकल्यावर फोड बसतात आणि दिसेनासे होतात. आम्ही तिरपा उजेड टाकून खडूने खुणा केल्या. चाळीसच्या वर भरल्या. मग एक फोड उघडला. खालचा जेलकोट शाबूत असता तर दोष फक्त रंगाचा ठरला असता. इथे जेलकोटच फुटला आणि चिकट, व्हिनेगरसारखा आंबूस पाणी बाहेर उडाले. हा द्राव दाबाखाली असतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसरी परीक्षा कानाची. बाजारात मडके वाजवून घेतात तसे प्लॅस्टिकच्या हातोडीने सर्व अंगावर ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर थर एकसंध आहेत. बद्द आवाज आला तर थर सुटलेले किंवा पाणी मुरलेले. तळ ठणठणीत वाजला, पण वर डोलकाठीच्या बुडाशी आवाज बसला. तिथे दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असते आणि ते भिजून मऊ झाले होते. फोडांनी होडी सहसा बुडत नाही. पण डोलकाठीचा आधार खचला तर मुलांच्या डोक्यावर संकट. खरा दोष तिथे होता. तरुणांनी त्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मगच होडी घेतली.

फोडांचा उपाय चिकाटीचा आहे. प्रत्येक फोड ग्राइंडरने कडक भाग लागेपर्यंत बशीसारखा उघडायचा. गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. मग सुकवायचे; याला आठवडे लागतात. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून उन्हात ठेवावा. आतून दव धरले तर अजून ओल आहे. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम करूच नये. कोरडे झाल्यावर आधी पातळ इपॉक्सी लावावे, नंतर सिलिकाची भुकटी घालून चक्क्याइतके घट्ट केलेले इपॉक्सी भरावे. मोटारीची लांबी इथे चालत नाही. ती पाणी शोषते. शेवटी सबंध तळाला इपॉक्सीचे हात असे द्यावेत की एकूण जाडी किमान पाव मिलिमीटर भरेल.

चिरांची भाषा वेगळी. चांदणीसारख्या चिरा म्हणजे धक्का बसला आहे. समांतर चिरा म्हणजे तो भाग वाकतो आहे. आतून आधार दिल्याशिवाय वरून भरलेली चीर परत येते. थरच तुटले असतील तर जाडीच्या बारापट उतार घासून नवी मॅट बसवावी. ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर उतार. पाण्याच्या रेषेवरचे ओरखडे जेलकोटने भरता येतात, पण त्यावर प्लॅस्टिक झाकावे; उघड्या हवेत त्याचा पृष्ठभाग चिकटच राहतो. आणि नुसता पांढुरका भुगा हाताला लागत असेल तर तो उन्हाचा परिणाम. कंपाऊंड आणि मेण पुरते.

एक सूचना जिवाची आहे. पॉलिएस्टर रेझिनचा अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. अ‍ॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, हार्डनर मागाहून घालावा. हार्डनरचा एक थेंबही डोळ्यांत जाता कामा नये. घासताना काचेची धूळ उडते, म्हणून नाकावर मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

एवढे करून दुरुस्त केलेली जुनी होडी पुढे अनेक वर्षे चालते, कारण पूर्वीच्या बांधणाऱ्यांना या नव्या पदार्थाचा पुरता भरवसा नव्हता आणि त्यांनी थर सढळ हाताने घातले. म्हणून जुनी होडी पाहून नाक मुरडू नये. मात्र रंग पाहून पैसेही देऊ नयेत. आधी खडू आणि हातोडी घेऊन तासभर तिच्याभोवती फिरावे.