शस्त्रक्रियेनंतर रिपोर्ट बदलला, म्हणजे काय झालं?

"म्हणजे आधीचा रिपोर्ट चुकला होता का?" आम्हा पॅथॉलॉजिस्टांना हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बहुतेक वेळा तसं नसतं. बायोप्सीत सुईने स्तनातल्या गाठीचे काही बारीक तुकडेच येतात. शस्त्रक्रियेनंतर अख्खी गाठ आमच्यासमोर असते. गाठ सगळीकडे सारखी नसते, म्हणून ग्रेड बदलू शकते. आधी केमो झाली असेल, तर पेशीही बदललेल्या दिसतात. हर-२ '२+' आलं, तर तो ना होकार ना नकार. फिश तपासणी करावी लागते. ट्रास्टुझुमॅब द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. म्हणून दोन्ही रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाइड्स जपून ठेवा. डॉक्टरांना सरळ विचारा: या बदलामुळे माझे उपचार बदलणार का?