कळफलक बिघडला की माऊस?

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत एक जुना संगणक लिनक्सवर चालतो. भट्टीचे तापमान तो दर मिनिटाला नोंदवतो. शेजारच्या संगणकालाही तोच कळफलक व माऊस वापरता यावा म्हणून मध्ये बटणाची एक पेटी बसवलेली आहे. एका दुपारी बटण दाबून आम्ही लिनक्सकडे परतलो, तर पडद्यावरचा बाण कोपऱ्याकडे उड्या मारू लागला, मेनू आपोआप उघडू लागले आणि कळा दाबूनही अक्षर उमटेना. सहा तासांच्या नोंदी अजून मेमरीतच होत्या (ही चूक आमचीच). वीज बंद केली असती तर त्या गेल्या असत्या.

दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने आत शिरता आले. म्हणजे यंत्र चालू होते.

गोल खोबणीचे कळफलक व माऊस आयबीएमच्या १९८७ मधील पीएस/२ संगणकांपासून रूढ झाले. दोन्ही एकाच नियंत्रक चिपला जोडलेले असतात, पण प्रोसेसरला हाक मारण्याच्या त्यांच्या तारा वेगळ्या: कळफलकाची १ क्रमांकाची, माऊसची १२. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. लिनक्स प्रत्येक हाक मोजतो. ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडली की आकडे दिसतात.

आम्ही एक कळ दाबून सोडली. १ समोरचा आकडा २ ने वाढला. दाबल्याची एक हाक, सोडल्याची एक. कळफलक निर्दोष होता! त्याची अक्षरे आपोआप उघडलेला मेनू गिळत होता.

मग माऊस न हलवता त्याचे बटण नुसते दाबून धरले. आकडा ३ ने वाढला. इथेच गोम होती. साधा माऊस प्रत्येक निरोप ३ बाइटांत पाठवतो, चाकाचा ४ बाइटांत. पहिल्या बाइटात बटणांची स्थिती असते, पुढच्यांत सरकण्याची. पेटीने माऊस नव्याने सुरू केल्यामुळे तो ३ बाइट पाठवू लागला होता. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र ४ चे गट पाडत होता. त्यामुळे सरकण्याचा बाइट बटणाचा म्हणून वाचला जाई आणि न दाबता ‘क्लिक’ होई.

मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने ‘पीएसमाऊस’ हा ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. त्याने माऊसला पुन्हा ४ बाइटांवर आणले. बाण शहाण्यासारखा चालू लागला, मेनू मिटला, नोंदी वाचल्या. पुढे ड्रायव्हरला साध्या ३ बाइटांच्या पद्धतीनेच बोलण्याची कायमची सूचना देऊन ठेवली. चाक गेले, पण भांडण मिटले.

यूएसबी माऊसवर ही मोजणी चालत नाही, कारण तिथे संगणकच ठरावीक काळाने विचारपूस करतो. मात्र अनेक लॅपटॉपचा अंगचा कळफलक आजही जुन्याच पद्धतीने जोडलेला असतो. शाळेत लिनक्सचा लॅपटॉप असेल तर विद्यार्थ्यांकडून कळ चटकन दाबून १ समोरचे आकडे मोजून घ्यावेत. प्रोसेसरचे भाग अनेक असल्याने त्या ओळीतील सर्व रकान्यांची बेरीज करावी लागेल. कळ दाबून धरली, तर आकडा किती वेगाने चढतो तेही पाहावे.