बिडी सुटते, पण गावाची साथ हवी

शेतकरी बंधूंनो, बिडी सोडायची शपथ तुम्ही कितीदा घेतलीत? अन् पारावर कुणी ‘घ्या की राव, एक झुरका’ म्हटलं, की ती मोडली! तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात शेजाऱ्याने बंडल पुढे न करता बोलण्यात गुंतवलं, तर ती टळते.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. पण नुसत्या कायद्याने तलफ जात नाही. सरपंचांनी ग्रामसभेत विषय घ्यावा, आशाताईंनी सोडणाऱ्यांची विचारपूस करावी, दुकानदाराने बिडीची उधारी बंद करावी. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

सोडणारा एकटा पडला, की पुन्हा ओढतो. त्याला एकटं पाडू नका.